बदलाची वर्दी

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी आठ वाजून एक मिनिटाने नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली पेढीच्या यंत्रणेने आपल्याच कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कचा शेअर बाजार साडेनऊला उघडणार होता. तोपर्यंत अशा ९७ ई-मेल गेल्या. प्रत्येकीत एका त्रुटीचा उल्लेख होता आणि त्रुटीचे वर्णन होते ‘पॉवर पेग डिसेबल्ड’. त्यांवर कोणी काही केले नाही. त्या ई-मेल धोक्याची सूचना म्हणून तयार केलेल्या नव्हत्या आणि आल्या की वाचायच्या अशी पद्धतही पेढीत नव्हती. साडेनऊला बाजार उघडला. पुढच्या सुमारे पाऊण तासात, ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्या पुऱ्या करण्याच्या नादात, त्या यंत्रणेने ४० लाखांहून अधिक सौदे करून टाकले. पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि वर्षभरात ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणी दिलेला आदेश मी अनेकदा वाचला आहे. दंडाचा आदेश म्हणून तो लिहिला गेला, पण अनेक हातांनी लिहिलेला प्रोग्राम कसा मोडतो याचे इतके नेमके वर्णन पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. पॉवर पेग हे पेढीच्या प्रोग्राममधल्या एका जुन्या सोयीचे नाव. २००३ मध्ये तिचा वापर थांबला. कोड मात्र काढला नाही, जागच्या जागी राहू दिला. किती शेअर घेऊन झाले आणि आता थांबायचे का, हे मोजणारा एक भाग त्या सोयीत होता. २००५ मध्ये तो भाग तिथून उचलून प्रोग्रामच्या आधीच्या टप्प्यावर नेण्यात आला. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा कोणी चालवून पाहिले नाही. कधी थांबायचे हे त्याला आता कळणार नव्हते; पण ते झोपलेलेच असल्याने कोणाला फरक पडला नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्क बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी नवा कोड लिहिला गेला आणि पूर्वी ज्या फ्लॅगने पॉवर पेग जागे व्हायचे तोच फ्लॅग नव्या कामाला जुंपला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एकावर तो चढवायचा राहिला. म्हणजे सात ठिकाणी त्या फ्लॅगचा अर्थ नवा, आठव्या ठिकाणी जुना.

गोंधळ सुरू झाल्यावर दुरुस्तीसाठी काय केले असेल? सात चांगल्या सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. फ्लॅग तर येतच होता. मग आठही सर्व्हर पॉवर पेग चालवू लागले.

ही कथा सहसा ‘एका तंत्रज्ञाने एक सर्व्हर विसरला’ अशी सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. मुळात इथे दोन बदल झाले, एक २००५ चा आणि एक २०१२ चा. दोन्ही बदलांनी दुसऱ्या कोणाचे तरी गृहीतक मोडले. अशा बदलाला सॉफ्टवेअरवाले ‘ब्रेकिंग चेंज’ म्हणतात: ज्याच्यामुळे, काल नीट चालणारे दुसऱ्याचे काम आज त्याने काहीही न करता बिघडते, असा बदल. पुण्याच्या हिंजवडीतही हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच ठेवतो. पण असा बदल करणाऱ्याने सोबत्यांना जे कळवायचे असते त्यासाठी मात्र आपल्याकडे एक चांगला शब्द पडून आहे. वर्दी. तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी देतात, तीच. माझा प्रश्न एवढाच आहे की कोडच्या दुनियेत ही वर्दी कोण देतो, कुठे देतो, आणि ती योग्य माणसापर्यंत पोचते का.

पहिले उत्तर सगळे एकच देतात: त्यासाठी व्हर्जन कंट्रोल आहे की. व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोडची नोंदवही. कोणी, कधी, कोणत्या फाइलीत, कोणती ओळ काढली आणि कोणती घातली, हे ती जपून ठेवते. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस नावाचा असा पहिला मोठा प्रोग्राम लिहिला. त्यात, आणि पुढच्या दशकात आलेल्या आरसीएसमध्येही, एक अट होती. फाइल बदलायची तर आधी तिला कुलूप लावायचे. तुमचे कुलूप असेपर्यंत दुसऱ्याला त्या फाइलीत बदल करता येत नसे. या कुलपांवर लोक फार वैतागत. कोणी कुलूप लावून सुट्टीवर जाई आणि चार जणांचे काम अडे. पण त्या वैतागात एक गोष्ट आपोआप साधत होती. कुलूप दिसले की ‘कोण काय करतोय’ ही चौकशी करावीच लागे. कुलूप हीच वर्दी होती, आणि ती चुकवून पुढे जाता येत नव्हते.

कुलूप काढले ते आम्स्टरडॅमच्या डिक ग्रून या प्राध्यापकांनी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते दोन विद्यार्थ्यांसह एक कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याचे वेळापत्रक बेभरवशाचे, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलपाची पद्धत अशा तिघांना परवडणारी नव्हती. त्यांनी सीव्हीएस लिहिले: ज्याने त्याने आपापल्या प्रतीवर काम करावे, नंतर प्रोग्रामने दोन्ही प्रती जुळवाव्यात. सीव्हीएसमध्ये पुढे ‘वॉच’ नावाची एक सोय आली. एखाद्या फाइलीवर पहारा लावून ठेवला की कोणी ती हाताळायला घेतल्यावर तुम्हाला ई-मेल येई. म्हणजे कुलूप काढल्यावर काय गमावले याची जाणीव त्या लोकांना होती. मात्र हा पहारा ऐच्छिक होता. आपल्याला कशाची भीती बाळगायची हे आधीच ठाऊक असलेल्या माणसालाच त्याचा उपयोग.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिले आणि आज जगातला बहुतेक कोड गिटमध्ये आहे. गिटमध्ये कुलूप नाही, मध्यवर्ती वहीदेखील सक्तीची नाही. प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत. प्रत्येक बदलाला ‘कमिट’ म्हणतात, स्वतंत्र चाललेल्या कामाला ‘ब्रँच’, आणि दोन ब्रँच एकत्र करण्याला ‘मर्ज’. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर गिट मर्ज करताना थांबते आणि म्हणते, हा तंटा तुम्ही मिटवा. नवशिक्यांना या थांबण्याची भीती वाटते. माझ्या मते ते थांबणे हे गिटचे सर्वांत चांगले वागणे आहे. भीती वाटायला हवी ती गिट न थांबता पुढे जाते तेव्हा.

एक उदाहरण घेतो. समजा, एका दुकानाच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये ‘किंमत’ नावाचे फंक्शन आहे. वस्तूचा क्रमांक दिला की ते रुपयांत किंमत देते. अपूर्णांकांचा घोळ नको म्हणून एक सहकारी ठरवतो की यापुढे ते पैशांत उत्तर देईल. तो फंक्शन बदलतो आणि ते जिथे जिथे वापरले आहे तिथे शोधून शंभराने भागायची ओळ घालतो. प्रामाणिक काम आहे. त्याच आठवड्यात दुसरी सहकारी आपल्या ब्रँचवर सवलतीचा नवा हिशोब लिहीत असते. तिच्या नव्या फाइलीत ती ‘किंमत’ वापरते, अर्थातच रुपये समजून. शुक्रवारी दोन्ही ब्रँच मर्ज होतात. दोघांनी एकही ओळ सामायिक हाताळलेली नाही. गिटला तंटा दिसत नाही, मर्ज निमूटपणे पार पडते, प्रोग्राम कंपाइलही होतो, कारण आकडा तो आकडा. आणि शंभर रुपयांच्या साबणावर दहा हजारांच्या हिशोबाने सवलत निघू लागते.

गिट ओळी पाहते. ओळींचा अर्थ तिला कळत नाही, आणि तिने तसा दावाही कधी केलेला नाही. नोंदवहीत सगळे आहे: पहिल्याचा बदल, दुसरीची नवी फाइल, दोघांची नावे, तारखा. विचारले तर वही मिनिटभरात सांगेल. पण विचारायला हवे हे दुसरीला सांगणारे कोणी नाही. नोंद आणि वर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कळते.

आपल्या महसूल खात्याला हा फरक पूर्वीच कळला होता. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो. पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५० नोंदीवर थांबत नाही. नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची, आणि शिवाय त्या बदलात ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या प्रत्येकाला लेखी कळवायचे. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढवून तिचा निकाल लावायचा; तोवर नोंद प्रमाणित होत नाही. प्रत्यक्षात या कलमाचे काय होते हे गावाकडच्या वाचकांना मी सांगायला नको. पण रचना पाहा: चावडीवरची प्रत सगळ्यांसाठी, नोटीस हितसंबंधितांसाठी, आणि हरकतीला वाव. कोडच्या जगात यातली पहिली गोष्ट गिट फुकट देते. दुसरी अवघड आहे, कारण सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे असतात, तशी ‘किंमत’ या फंक्शनवर कोण विसंबून आहे याची यादी कुठेच लिहिलेली नसते. अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम तर सांगतो की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रोग्रामच्या प्रत्येक दृश्य वागणुकीवर कोणीतरी विसंबलेले असते, मग तुम्ही तिचे वचन दिलेले असो वा नसो. असा हितसंबंधी स्वतःहून पुढे येत नाही. त्यालाही बदल होईपर्यंत आपला संबंध आहे हे माहीत नसते.

मग वर्दी ठेवायची कुठे? सर्वांत जवळची जागा म्हणजे कमिटचा संदेश. प्रत्येक कमिटला दोन-चार ओळींचे टिपण जोडायची सोय असते. त्यात काय लिहितात हे पाहायला मी अनेक प्रकल्पांच्या वह्या चाळल्या आहेत. ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ बदल’, ‘आता चालते’ हेच फार. काय बदलले हे तर वही स्वतःच दाखवते; का बदलले आणि कोणाला त्रास होईल हे माणसाने लिहावे म्हणून ती जागा ठेवली आहे.

मराठी वाचकांना याचा उलट नमुना परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी काही ओव्या जोडल्या. वर्ष, महिना, स्वतःचे नाव, शुद्ध का करावी लागली याचे कारण म्हणजे पाठांतरांनी झालेली सरमिसळ, आणि यापुढे आपली ओवी यात घुसडणाऱ्याला सणसणीत ताकीद. सगळे त्यात आहे. कमिटचा संदेश म्हणून मी तो कोणत्याही संघाला नमुना म्हणून दाखवीन. नाही ते एवढेच की कोणती ओवी आधी कशी होती आणि नंतर कशी केली. ते शोधण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. एकनाथांकडून कारण मिळाले, फरक मिळाला नाही. गिटकडून फरक नेहमी मिळतो. कारण मिळेलच असे नाही.

कारण लिहायची सवय लागावी म्हणून अलीकडे काही संकेत रूढ झाले आहेत. ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ नावाच्या संकेतात संदेशाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत ‘ब्रेकिंग चेंज’ लिहून पुढे खुलासा करायचा, किंवा पहिल्या ओळीत उद्गारचिन्ह टाकायचे. मग यंत्राला ते वाचता येते आणि आवृत्तीचा क्रमांक त्याप्रमाणे वाढवता येतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या क्रमांकपद्धतीत तीन आकडे असतात. पहिला वाढला की समजायचे, काहीतरी मोडले आहे. दूरच्या, अनोळखी वापरणाऱ्यांसाठी हे बरे आहे. पण एकाच संघातले सोबती आवृत्तीचे क्रमांक पाहून काम करत नाहीत. ते सकाळी आल्यावर सगळ्यांचे नवे कमिट एकदम खाली ओढून घेतात, त्यात साठ संदेश असतात, आणि साठातले एक उद्गारचिन्ह कोण पाहतो?

फ्रीबीएसडी या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. त्यांच्या कोडच्या मुळाशीच ‘अपडेटिंग’ नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. काही मोडणारा बदल केला की त्याच्याबरोबर या फाइलीत वरच्या बाजूला नोंद घालायची: आठ आकडी तारीख, काय बदलले, आणि आता तुम्ही काय करायचे. सगळ्यात नवे सगळ्यात वर. इथे वर्दी कोडच्या पोटातूनच प्रवास करते. नवा कोड घेतला की ती आपोआप सोबत येते. कोणी सुट्टीवर असले, महिनाभराने परतले, तरी आपण शेवटचे कधी आलो होतो ती तारीख शोधायची आणि तिथपर्यंत वाचत जायचे. ‘तुम्ही काय करायचे’ हा भाग तर मला सोन्यासारखा वाटतो. बहुतेक वर्द्या बदल करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या असतात, मी काय केले ते सांगतात. ही वाचणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे. याखेरीज कोडमध्ये एक आवृत्तीचा आकडा असतो. मोठा बदल झाला की तोही वाढवतात, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम तो तपासून आपले वागणे बदलू शकतात. माणसासाठी एक वर्दी, यंत्रासाठी एक.

यंत्राने वर्दी देण्याचा दुसरा मार्ग हुकचा आहे. गिटमध्ये कमिट आले, मर्ज झाले, अशा प्रसंगी छोटा प्रोग्राम चालवता येतो. त्याला हुक म्हणतात. अमुक फाइल बदलली असेल तर पडद्यावर ठळक सूचना दाखव, असे त्यात लिहिता येते. पण एक मेख आहे. कोडची प्रत घेताना हुक सोबत येत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, नाहीतर कोणाचाही कोड उतरवून घेताच त्याचा प्रोग्राम तुमच्या यंत्रावर चालू लागेल. पण त्यामुळे ज्याने हुक स्वतःहून बसवला त्यालाच सूचना मिळते. सीव्हीएसच्या पहाऱ्यासारखेच झाले. हुक मध्यवर्ती सर्व्हरवर बसवून प्रत्येक कमिटचा ई-मेल सगळ्यांना पाठवता येतो. अनेक ठिकाणी तसे करतात. दोन आठवडे लोक वाचतात, मग त्या ई-मेलसाठी वेगळा फोल्डर तयार होतो, आणि नाइट कॅपिटलच्या ९७ ई-मेलची गत होते. गिटहबने २०१७ मध्ये आणलेली ‘कोडओनर्स’ ही फाइल त्या मानाने शहाणी आहे. कोणत्या भागाचे धनी कोण हे तिच्यात लिहून ठेवायचे, म्हणजे त्या भागाला हात लागला की तेवढ्यांनाच तपासणीची विनंती जाते. कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची अशी यादी पूर्वीपासून आहे. मात्र या दोन्ही याद्या धन्याला कळवतात. कूळ कोण, ते त्यांनाही माहीत नाही. ‘किंमत’ बदलताना ‘किंमत’च्या धन्याला विचारले जाईल, सवलत लिहिणारीला नाही.

लिनक्स कर्नलच्या लोकांनी प्रश्न उलटा करून सोडवला. त्यांचे दोन नियम आहेत. बाहेरच्यांसाठी, म्हणजे कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी, नियम असा की त्यांचे काहीही मोडायचे नाही. आणि यावर टॉरवाल्ड्स किती तिखट लिहू शकतात हे जगजाहीर आहे. आत मात्र काहीही मोडायला मुभा आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या कागदपत्रांत याचे समर्थन करणारा एक सविस्तर खुलासाच लिहून ठेवला आहे. अट एकच: जो आतले फंक्शन बदलेल त्याने कर्नलमधले त्याचे सगळे वापर स्वतः दुरुस्त करायचे. म्हणजे वर्दी द्यायची गरजच कमी होते. ज्याने बांध फोडला त्यानेच सगळ्यांच्या वावरात फिरून पाणी वळवायचे. सगळा कोड एकाच वहीत असल्यामुळे हे जमते. शोधले की सगळी कुळे सापडतात. वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेल्या कंपन्यांना हा नियम नुसता उसना घेऊन चालत नाही.

तरी एक फट उरते, आपल्या सवलतवाल्या बाईंची. जो कोड अजून वहीत आलाच नाही, दुसऱ्याच्या ब्रँचवर लिहिला जातोय, तो कसा दुरुस्त करणार? यावर कर्नलवाले जे करतात ते मला या सगळ्या शोधातले सर्वांत मोलाचे वाटते. ते बदल असा करतात की जुना वापर चालणारच नाही, आणि आवाज करून बंद पडेल. जानेवारी २०१९ मध्ये, ५.० या आवृत्तीचा पहिला मसुदा निघण्याच्या तोंडावर, टॉरवाल्ड्स यांनी ‘ॲक्सेस ओके’ नावाच्या फंक्शनमधला पहिला घटक काढून टाकला. प्रोग्रामने दिलेला मेमरीचा पत्ता त्याच्या हद्दीतला आहे ना, हे तपासणारे हे फंक्शन. वाचायचे आहे की लिहायचे, हे सांगणारा तो घटक इंटेलच्या ८०३८६ या जुन्या चिपच्या एका खोडीमुळे आला होता आणि आता त्याला कोणी विचारत नव्हते. संदेशात हा इतिहास दिला आहे. कर्नलभरातले सगळे वापर त्याच एका कमिटमध्ये बदलले. वेळही पाहा. नव्या गोष्टी आत घेण्याची मुदत संपताना, म्हणजे ज्यांचे काम यायचे होते त्यांचे येऊन गेल्यावर. आणि ज्याच्या ब्रँचवर तीन घटकांचा जुना वापर उरला असेल त्याला कंपायलर ताबडतोब अडवणार, कारण आता घटक दोनच आहेत. त्याला ई-मेल वाचावी लागत नाही.

२०१७ मध्ये टायमरच्या व्यवस्थेत याहून मोठा बदल झाला. तिथे एका रात्रीत सगळे बदलणे शक्य नव्हते. म्हणून नव्या पद्धतीला नवे नाव दिले, जुने नाव काही काळ शेजारी राहू दिले, एकेक वापर नव्यावर नेला, आणि ४.१५ या आवृत्तीत जुने नाव पुसून टाकले. अर्थ बदलला की नाव बदला, ही ती पद्धत. पहिल्या सहकाऱ्याने ‘किंमत’ तसेच ठेवून आत पैसे भरण्याऐवजी ‘किंमत-पैशांत’ असे नवे फंक्शन लिहून जुने काढून टाकले असते, तर शुक्रवारी मर्जनंतर प्रोग्राम कंपाइलच झाला नसता. तासाभराची चिडचिड झाली असती, एवढेच. नाइट कॅपिटलच्या फ्लॅगचेही तसेच. नव्या कामाला नवा फ्लॅग दिला असता, तर आठव्या सर्व्हरला तो ओळखीचा वाटलाच नसता आणि पॉवर पेग झोपलेलेच राहिले असते. जुने नाव वाचवण्यात काय वाचते, हे मला अजून उमगलेले नाही.

कंपायलर अडवेल, पण कधी? ज्या दिवशी दोन्ही काम एकत्र येतील त्या दिवशी. तो दिवस जितका लवकर, तितके बरे. ऑस्ट्रेलियातले स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये ‘लिनक्स-नेक्स्ट’ सुरू केले ते यासाठी. वेगवेगळ्या मेंटेनरांच्या, अजून मुख्य वहीत न आलेल्या ब्रँच घ्यायच्या, कामाच्या दिवशी रोज एकमेकींत मर्ज करायच्या, प्रत्येक मर्जनंतर कंपाइल करून पाहायचे. मोडले की ई-मेल, विषयाच्या ओळीतच: अमुक ब्रँच मर्ज केल्यावर बांधणी फसली. मजकुरात त्रुटी जशीच्या तशी, ती कोणत्या कमिटमुळे आली, आणि आजपुरते मी काय करून पुढे गेलो. ही ई-मेल सगळ्या जगाला नसते; ज्या दोन-चार जणांची कामे एकमेकांवर आदळली त्यांच्या नावे असते. चावडीवरची प्रत आणि हितसंबंधितांची नोटीस यांतला फरक इथे प्रत्यक्ष दिसतो. हितसंबंधी कोण हे आधी यादीतून शोधण्याऐवजी त्यांनी दोघांचे काम एकत्र करून आदळू दिले आणि आदळलेल्यांना कळवले. हे काम वर्षानुवर्षे, बव्हंशी एका माणसाने केले.

कंपायलरला न दिसणारे बदल उरतातच. रुपये-पैशांसारखे, नाव तेच आणि अर्थ वेगळा असलेले. त्यांच्यासाठी चाचण्या लिहाव्या लागतात. त्या विषयात मी इथे शिरत नाही.

खुद्द गिट लिहिणारे लोक आपल्या सोबत्यांना वर्दी कशी देतात, याची मला उत्सुकता होती. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या कागदपत्रांत ‘ब्रेकिंग चेंजेस’ नावाची एक साधी फाइल घातली. पुढच्या ३.० या आवृत्तीत काय काय मोडणार, कोणत्या आज्ञा जाणार, हे तिच्यात कारणांसह लिहिलेले आहे. थोडक्यात, फ्रीबीएसडीचाच मार्ग. पण त्यांनी आणखी एक गंमत केली आहे. ‘व्हॉटचेंज्ड’ ही गिटची फार जुनी आज्ञा. तिचे काम आता दुसरी आज्ञा करते. कर्नलच्या पत्रव्यवहारातून गिट शिकलेल्या जुन्या लोकांच्या बोटांना सवय आहे म्हणून ती ठेवली आहे, असे तिच्या माहितीपत्रातच म्हटले होते. तिला निरोप द्यायचा तर ती अजून कोण वापरते हे कसे कळणार? २०२५ पासून ती आज्ञा दिली की गिट काम करायला नकार देते. चालवायचीच असेल तर पुढे एक लांबलचक शब्द टंकावा लागतो, ज्याचा अर्थ ‘मी हे अजून वापरतो’ असा आहे. आणि तसे असल्यास आम्हाला पत्र पाठवून कळवा, असे पडद्यावर पत्त्यासह लिहून येते. हरकती मागवल्या आहेत. नोंद अजून प्रमाणित व्हायची आहे.